उजव्या हाताचं डावं बोट

३ मार्च

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार, गुडघा धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगांनी घातला आहे, गोड मानून घे. वि. वि.

सरहद्दीवरच्या कचेरीविरुद्ध माझी पहिली तक्रार चष्म्याची आहे. परदेशी पाहुण्याने चष्मा काढून कॅमेऱ्याकडे बघावं असा नियम. चष्मा काढल्यावर कॅमेरा कुठे आहे हे मला कसं दिसावं, याबद्दल नियम मौन पाळतो. मी आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे भक्तिभावाने बघत राहिलो. फोटोत जो गृहस्थ उमटला, तो मला भेटता तर मीही त्याला आत सोडलं नसतं.

मग बोटं. काचेवर एकेक ठेवायचं. तीस वर्षं पुस्तकं बांधतोय, खळ आणि काचकागद यांनी बोटांवरच्या रेषा पार पुसल्या आहेत. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मुद्दाम घासल्यात का. मी म्हटलं, हो, रोज, रविवार सोडून. त्या हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. कसाबसा उजवा हात पुरा झाला, डाव्याच्या वेळी यंत्रानेच मान टाकली. कातडी सुधारली की तीन आठवड्यांनी या, असं सांगून परत पाठवलं. तुझ्या ऑपरेशनच्या आत नक्की पोचतो.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवल्यास हरकत नाही.

तुझा,
शास्त्री

१० मार्च

चि. शास्त्रीबुवांस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, आणि मग हसू थांबलं. खरं सांग, यंत्राने परत पाठवलं की तूच परतलास? हे गेले तेव्हाही तू निघणार होतास, आणि नेमका ताप आला. त्या तापाचं मी कधी काही विचारलं नाही. आता विचारते आहे असं समज.

अठ्ठावीसला सकाळी मला आत नेतील. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर असं सांगतात जणू नळाचा वॉशर. बाहेर बसायला शेजारीण तयार आहे, पण ती फार बोलते. फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून तुला लिहिलंय, तो रकाना मला खोडायला लावू नकोस.

हातांना ग्लिसरीन लाव. कामाला हात लावशील तर याद राख.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र औषधं नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. त्याची बोटं यंत्राला आवडतात. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो.

तीन आठवडे सुईला शिवलो नाही. ग्लिसरीन लावून हातमोजे घालून बसायचो; तुझी भावजय म्हणे, आता हात ओवाळून घ्या. रेषा खरोखर उगवल्या. काल दहाही बोटं पहिल्या फटक्यात उमटली. मी बॅग उचलली, तोच लाल दिवा लागला.

चूक माझीच. मागच्या वेळी उजवी तर्जनी चारदा उमटली नाही, मागची रांग कुरकुरायला लागली. बाई पडद्याकडे बघत होत्या, तेवढ्यात मी हळूच डावी तर्जनी ठेवली. हिरवा दिवा लागला. आमच्या धंद्यात एका प्रतीतलं पान फाटलं तर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीतलं घालतात. दोन्ही हात माझेच, मला त्यात काही गैर वाटलं नाही. आता यंत्र म्हणतं, मागच्या वेळी आलेला माणूस वेगळा होता.

मोठ्या साहेबांकडे नेलं. दोन तास त्यांनी तेच चार प्रश्न उलटसुलट विचारले. दुसऱ्याचं सोंग घेऊन येणारे रोज भेटतात, म्हणाले, स्वतःचंच सोंग नीट न जमलेला पहिलाच. तुझं पत्र दाखवलं. त्यांनी अठ्ठावीस तारखेवर बोट ठेवलं, तुझं माझं नातं विचारलं, आणि सांगितलं की चौकशीला किमान पंधरा दिवस लागतात.

म्हणजे मी पोचत नाही, ताई. शेजारणीला बोलू दे, आणि माझं नाव खोड.

तो ताप खोटा होता. भावोजींना तसं बघायची छाती झाली नाही, म्हणून घरात पांघरूण घेऊन पडलो. तुला ते कळलं असणार असा मला बारा वर्षं संशय आहे.

या वेळी मी खरोखर निघालो होतो. साहेबांनी विश्वास ठेवला नाही, त्याचं काही वाटत नाही. पण अठ्ठावीसला तू आत जाशील ती मी पुन्हा टाळलं असं समजून, आणि मला ते खोडून काढायची संधी कदाचित मिळणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

कळावे.

तुझा,
धाकटा