एकशे ऐंशी पौंड, बूट-कपड्यांसह

१४ एप्रिल
मशीन बुक केलं. पुढच्या हिवाळ्याची स्नोमोबाइल वसंतातच बुक करायची असते. नोव्हेंबरात जागे होणारे जुन्यावर रडत बसतात. सासरेबुवांचा खुबा बदलला, त्यामुळे कढईत जाणाऱ्या पाच जणांतली त्यांची जागा रिकामी आहे. डोंगरमाथ्याखालच्या त्या मोठ्या खोलगटाला इथे सगळे कढईच म्हणतात. फेब्रुवारीत तिथे छातीएवढा भुसभुशीत बर्फ असतो. मेहुणा क्लिंट दरवर्षी पाचच मशिनं वर नेतो. वरून बर्फाचा लोंढा आला तर कोण कुठे आहे हे कळायला हवं म्हणे. असो. सासऱ्याची जागा जावयाची, यात विचारायचं काय? मी विचारलेलं नाही.

१५ एप्रिल
मशीनखाली फिरून बर्फ कापणारा पट्टा कॅटलॉगमधला सगळ्यांत लांब निवडला. क्लिंट म्हणाला, दाजी, एवढा लांब कशाला, झाडीत वळणार नाही. मी म्हणालो, मला वळायचं नाही, चढायचंय. उत्तर फारच बरं जमलं. जेवतानाही आठवून हसलो. बायकोला विचारलं, तुलाही काही नवीन हवंय का? रोंडा म्हणाली, माझं जुनं अजून धावतं. समजूतदार बाई. आठव्या वर्षापासून चालवते, पण हौस म्हणून नाहीच.

२ जून
डोंगरात खरा शत्रू म्हणजे वजन. मशीनचं. हलका सायलेन्सर मागवला, नऊ पौंड वाचले! आरसे आणि मागचं कॅरिअरही काढून टाकणार. आनंदात फिंगर स्टेकच्या दोन प्लेटी. तळलेले होते, पण बीफ म्हणजे प्रोटीन.

१९ सप्टेंबर
संकल्प: रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जायचं.

२० सप्टेंबर
गुडघा.

२३ सप्टेंबर
गुडघा बरा आहे, पण उगाच छेडायला नको. मशीन चालवणं हाच मुळात व्यायाम आहे.

११ नोव्हेंबर
मशीन आलं! सेटिंगसाठी मेकॅनिक गसच्या दुकानात. गसने सगळ्यांसमोर विचारलं, वजन किती? बूट, कपडे, पाठीवरची बॅग सगळं धरून सांग, त्यावर मागच्या स्प्रिंग ठरतात. क्लिंट उभा होता, रोंडा उभी होती. मी म्हणालो, एकशे ऐंशी. शाळेत कुस्ती खेळायचो तेव्हा इतकंच होतं, आणि माणसाचा सांगाडा काही बदलत नाही. गसने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, एकदा वर बस, मागची बाजू किती दबते ते मोजू. मी म्हणालो, घाई आहे. क्लिंटला अचानक खोकला आला. या मेकॅनिक लोकांना उगाच काम वाढवायची सवय असते.

६ डिसेंबर
पहिला बर्फ. चढाला लागलो तर पुढच्या दोन्ही स्की हवेत! मशीन मागे टेकलं आणि पट्टा खाली खणत गेला. विहीर झाली. दोष क्लचचा. उंचीवर हवा विरळ असते, त्याप्रमाणे क्लचमधली वजनं बदलावी लागतात, हे गस विसरला असणार. गस म्हणाला, विसरलो नाही, वजनाबद्दल मीच विचारलं होतं. हा माणूस बोलणंच तोडून टाकतो.

२८ डिसेंबर
पुढची बाजू उचलली जाऊ नये म्हणून तिथला बेल्ट आवळून पाहिला. तरीही स्की हवेतच. पुन्हा विहीर. रोंडाने खणून काढलं, मी दिशा दाखवत होतो. फावडं मारता मारता म्हणाली, गसला खरं वजन सांगितलंस ना रे? मी म्हणालो, खरं म्हणजे काय? ती पुन्हा फावडं मारायला लागली. यंदाचा बर्फच वेगळा पडलाय. खालून पोकळ.

१७ जानेवारी
न्हाणीघरातला काटा बिघडलाय. २५१ दाखवतो, तेही कपड्यांशिवाय. बॅटरी काढून ठेवली.

७ फेब्रुवारी, सकाळी ६
आज कढई. झोप लागली नाही. क्लिंटने मला ये म्हटलेलं नाही, पण येऊ नको असंही म्हटलेलं नाही. घरच्या माणसाला आमंत्रण लागत नाही. सासरेबुवा रोंडाच्या मागे बसून खालच्या झोपडीपर्यंत येणार आहेत. जावयाचा पराक्रम बघायला, दुसरं काय.

७ फेब्रुवारी, दुपारी. झोपडी
कढईच्या आधी एक उभा चढ लागतो. तो ज्याला जमला तो वर, नाही जमला तो झोपडीत चिली ढवळायला, असा क्लिंटचा नियम. क्लिंट गेला, बाकीचे तिघेही गेले. मी तीनदा प्रयत्न केला. तीन विहिरी. तिसरीत मशीन सीटपर्यंत बुडालं आणि सगळे मला उपसायला खाली आले; सासरेबुवांना झोपडीत सोडून रोंडाही तिच्या जुन्या मशीनवरून आली. क्लिंट म्हणाला, दाजी, तुम्ही जरा बर्फावर बसा, रोंडा काढेल. रोंडा माझ्या मशीनवर बसली. मशीन खड्ड्यातून अलगद वर आलं, स्की बर्फाला चिकटलेल्या, आणि ती थांबलीच नाही. थेट माथ्यावर! मग वॉकीटॉकीवर तिचा आवाज, खाली आणू का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, इंजिन गरम झालं असेल, जरा राहू दे. क्लिंटने लगेच तिला सांगितलं, राहा वर, आलोच आम्ही. पाच झाले.

मी तिचं जुनं घेऊन खाली आलो. ते मला छान चाललं, हे इथेच सांगून ठेवतो. सासरेबुवा चिली वाढत म्हणाले, खुबा बदलला तेव्हाच मी पोरीला म्हटलं होतं, माझी जागा तुझी. ती म्हणाली, त्याला फार हौस आहे बाबा, त्याला जाऊ दे. बसा जावईबापू, खा. मी खाल्लं. मला फार वाईट वाटलं. चिली संपेपर्यंत वाटत राहिलं, आणि नंतरही.

७ फेब्रुवारी, रात्री
रोंडा आल्यापासून बोलतेय. कोणत्या वळणावर काय झालं, बर्फ कसा तोंडावर येत होता, सगळं. नाक लाल, केस ओले. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला इतकं बोलताना मी पाहिलेलं नाही. सहज विचारलं, तुझं वजन किती गं? म्हणाली, बूट, कपडे, बॅग धरून एकशे ऐंशी. म्हणजे सेटिंग पहिल्यापासून बरोबर होतं. हे गसला कळवायला हवं.

८ फेब्रुवारी
गसचाच फोन. क्लिंटने त्याला सगळं सांगितलेलं दिसतंय. म्हणाला, मशीन आणून दे, स्प्रिंग बदलतो, फक्त या वेळी आकडा खरा सांग. मी खरा आकडा सांगायला तोंड उघडलं होतं, शपथ. तेवढ्यात रोंडाने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाली, स्प्रिंगना हात लावू नकोस, आकडा बरोबर आहे. फक्त हँडल माझ्या उंचीला तीन इंच खाली घे.