गोठ्यावरचा स्नो

२२ डिसेंबर १९७४, रविवार

गारा! डिसेंबरात. सोलापुरात!

दुपारी साडेतीनला आभाळ शाईच्या दौतीसारखं झालं. मी म्हटलं, धूळ येईल. या गावात वरून दुसरं काय येणार? केराबाई मागच्या दारी भांडी घासत होती. ती म्हणाली, "बाई, कुनीतरी ताटात खडं टाकतंय." मी काठी घेऊनच बाहेर गेले. दारात उभी राहिले आणि काठी हातातच राहिली. आवळ्याएवढ्या गारा! पत्र्यावर असा आवाज, की केराबाई बोलत होती ते नुसतं ओठांवरून कळत होतं.

वीस मिनिटं. मग थांबलं, आणि अंगण पांढरं. कंपाउंडची भिंत पांढरी. रस्त्यात एक टांगा उभा, तोही पांढरा. घोडा तेवढा काळा आणि अत्यंत रागावलेला.

तीस वर्षं मी इथल्या मुलींना इंग्रजीत 'हिमवर्षावाचा दिवस' हा निबंध लिहायला लावला. त्यांनी बर्फ पाहिलेला नाही. मी पाहिलेला नाही. तपासणारे साहेब बार्शीचे, त्यांनी तर नाहीच. तरी सगळ्याजणी पासापुरतं लिहीत आल्या. आज मला त्या निबंधाला मार्क द्यायचा अधिकार मिळाला.

एक गार तोंडात टाकली. कोणी पाहिलं नाही. केराबाईने पाहिलं.

२३ डिसेंबर, सोमवार

वर्तमानपत्रात काय, तर 'सोलापुरात बर्फवृष्टी'! ज्याने हे लिहिलं त्याला मराठी कोणी शिकवलं? बर्फ भुरभुरतो, गार आदळते. बर्फ पडताना आवाज होत नाही; गार पडताना पत्र्याखाली स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. संपादकाला दीड पान लिहिलं. शब्द म्हणजे काय वाट्टेल त्या भांड्याला बसवायचं झाकण नव्हे.

पत्र पेटीत टाकण्यापूर्वी शेजारच्या शिवप्पांना वाचून दाखवलं. सत्तावीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते, तेव्हा हा विषय त्यांचा.

"बाई, मानसं खुशीत हायत. गारांवर कशाला गार पानी ओतताय?"

मग त्यांनी त्यांच्या परसात नेलं. गुडघाभर खड्डा, त्यात लाकडाचा भुसा, वर गोणपाटाची घडी, वर पुन्हा भुसा. आत कालच्या दोन टोपल्या गारा!

"पंधरा दिवस टिकवून दावतो. भुसा कोरडा पायजे आनि उघडायचा मोह नको. झालं."

"पण कशासाठी?"

"पाव्हनं-रावळं आलं तर दाखवाया नको?"

या माणसाकडे पाहुणे कोण येणार! आणि माझ्याकडे तरी कोण येतं म्हणा.

२४ डिसेंबर, मंगळवार

शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. चार जानेवारीला स्नेहसंमेलन, मी प्रमुख पाहुणी. एप्रिलमध्ये निरोप म्हणून नारळ आणि पितळी समई दिली, आता पाहुणी! "आणि बाई, ती स्नोची गोष्ट सांगायचीच. यंदा तर स्नो पडलाच आहे." गारा, असं मी म्हटलं. त्या हसल्या. यांना माझं रागावणं म्हणजे करमणूक वाटते.

ती गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. इथेही एकदा लिहून ठेवते, म्हणजे भाषण तयार होईल.

१९२९. आम्ही दोघी बहिणी कॉन्व्हेंटात. मी तेरा वर्षांची, शांतम्मा नऊची. नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडायचा होता. सिस्टर शांतम्माच्या वर्गात म्हणाल्या, "उद्या प्रत्येकीने छपरासाठी थोडा स्नो आणा." म्हणजे कापूस. मिलचं गाव, कापसाला काय तोटा! सगळ्या मुलींनी कापूस आणला. शांतम्माला वाटलं, स्नो म्हणजे तोंडाला लावायचा स्नो. मामाने मुंबईहून आईला आणलेली निळी बाटली तिने कपाटातून काढली, आणि शाळा भरायच्या आत गोठ्याच्या छपराला, मेंढ्यांना आणि तीनपैकी दोन राजांना चोपडून टाकली. सिस्टर आल्या तर सगळ्या गोठ्याला लग्नघराचा वास!

इथे मुली हसतात. दरवर्षी, याच वाक्याला. मी इथेच थांबते.

पुढचं सांगत नाही. सिस्टरही आधी हसल्याच होत्या. मग बाटली कुठली, कोणाला विचारून आणली, हे निघालं. घरी चिठ्ठी गेली. चिठ्ठीत 'चोरी' हा शब्द होता. आप्पा स्नोवर रागावले नाहीत, त्या शब्दावर रागावले. शांतम्माचं नाव त्याच आठवड्यात शाळेतून काढलं. चौदाव्या वर्षी अक्कलकोटला दिली. मी शिकत राहिले.

२५ डिसेंबर, बुधवार

पुन्हा पडल्या! आणि आज तर नाताळ!

आज कोणी घरात थांबलं नाही. मुन्सफांच्या बायकोने, जिला कधी पायरी उतरताना पाहिलं नाही, तिने पदर खोचून सुपाने गारा भरल्या. शिवप्पा छत्री उलटी धरून उभे. केराबाई म्हणाली, "सरबत करू का वं, बाई?" आणि उत्तराची वाट न बघता केलं. गारांचं लिंबू सरबत, डिसेंबरात, दात वाजवत, रस्त्यात उभं राहून! मी एक गोळा केला आणि शिवप्पांना मारला. लागला. "बाईंचा नेम अजून खडूचाच हाय," म्हणाले.

सिस्टर आयुष्यभर कापूस चिकटवत राहिल्या. ज्या वर्षी खरं पांढरं पडलं त्या वर्षी त्या नाहीत.

अक्कलकोटच्या बाजूला पडल्या असतील का? तिथली ज्वारी आता कणसात असेल. कोणाला विचारणार? अकरा वर्षं शांतम्मा या घरात आलेली नाही. तिची सून माझीच विद्यार्थिनी. लग्न होऊन गेली आणि पहिल्याच महिन्यात सासूला हौसेने सांगितलं, "आमच्या बाई एका वेड्या मुलीची गोष्ट सांगायच्या..." त्यानंतर शांतम्माचं पत्रही नाही. एवढं काय लागायचं त्यात? विनोद आहे तो! मी नावसुद्धा घेत नाही कधी.

२८ डिसेंबर, शनिवार

दुपारी दार वाजलं. दारात शांतम्मा. हातात पिशवी आणि पितळेचा कडीचा डबा.

"कुटं हाय तुझा स्नो?"

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य हे! मी म्हटलं, "आधी आत ये. आणि तो स्नो नाही, गारा आहेत."

"व्हय, तू म्हनशील ते. स्टँडवर बातमी आली, सोलापुरात बर्फ पडला. आमच्याकडं चार थेंब न्हाईत. म्हटलं, मरायच्या आत बघून घ्यावं. डबा आनलाय."

"तीन दिवस झाले. वितळलं सगळं."

ती पायरीवर बसली. चौपन्न वर्षांची बाई, पण खालचा ओठ असा पुढे आला, की मला थेट ती नऊ वर्षांचीच दिसली. मी तिला शिवप्पांच्या परसात घेऊन गेले.

शिवप्पांनी पुजाऱ्यासारखं एकेक गोणपाट दूर केलं. भुसा झाडला. गारा होत्या! एकमेकींना चिकटून ढेकळं झालेल्या, पण पांढऱ्या. शांतम्माने ओंजळ भरून घेतली, कपाळाला लावली, मग शिवप्पांच्या देखत सरळ माझ्या पाठीत घातली.

"बाई, पाव्हनं आलं की न्हाई?" शिवप्पा म्हणाले.

ज्वारी चांगली आहे. ते मीच विचारलं.

३० डिसेंबर, सोमवार

माझं स्वयंपाकघर गेलं. मीठ कुठे, तिखट कुठे, सगळं तिने बदललं. म्हणते, "तुझी मांडनी म्हंजे वर्गच की, समदे डबे उंचीनं उभे." केराबाई पूर्ण फितूर. दोघी भाकरी थापतात आणि कानडीत माझ्यावर हसतात. मला कानडी येत नाही असं केराबाईला वाटतं. शांतम्माला माहीत आहे, की येते, म्हणून ती जास्त मोठ्याने बोलते.

घर इतकं गरम कधी नव्हतं. बाहेर थंडी अशी, की ओठ फुटलेत.

संध्याकाळी मात्र एक झालं. केराबाई तिला म्हणाली, "आक्का, गाल उललंत की वं. बाईंचा स्नो हाय तितं, लावा."

मी पेपर वर धरला.

शांतम्मा शांतपणे म्हणाली, "आमाला स्नो सोसत न्हाई, केराबाई."

एवढंच. मग ती शेंगा निवडत बसली.

२ जानेवारी, गुरुवार

तिला संमेलनाचं कळलं. मुख्याध्यापिकांचा शिपाई कार्ड घेऊन आला, त्यानेच तोंड उघडलं: "बाई स्नोची गोष्ट सांगनार हायत."

"मग मी बी येते," शांतम्मा म्हणाली. "समद्या सोलापुरानं ऐकली. मी तेवढी ऱ्हायले."

मी म्हटलं, विषय बदलला आहे, शिस्तीवर बोलणार आहे. ती म्हणाली, "शिस्तीवर तू रोजच बोलतीस की. त्याला कार्ड कशाला?"

३ जानेवारी, शुक्रवार

भाषण तीनदा लिहिलं. शिस्तीवर. तीनदा फाडलं.

संपादकांनी माझं पत्र छापलं. मथळा: 'शब्द जपून वापरावेत'.

४ जानेवारी, शनिवार

तुडुंब मंडप. शांतम्मा इरकल नेसून पहिल्या रांगेत, अगदी समोर, मांडीवर तो रिकामा डबा. परतताना शिवप्पांकडून भरून घ्यायचा, म्हणून आणला म्हणे!

गोष्ट सांगितली. लग्नघराच्या वासाला मुली हसल्या, नेहमीसारख्या. मी तिथे थांबले नाही. बाकी उद्या लिहिते.

५ जानेवारी, रविवार

स्नो म्हणजे तोंडाला लावायचा, असं शांतम्माला आपणहून वाटलं नव्हतं. तिला मी सांगितलं होतं. आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "अक्का, स्नो म्हंजे काय?" आणि मी म्हटलं, "एवढं माहीत नाही? आईच्या कपाटात आहे, निळी बाटली." मी थट्टा करत नव्हते. मलाही तेवढंच माहीत होतं. सकाळी तिच्या वर्गात कापूस पाहिला तेव्हा मला कळलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. घरी चिठ्ठी आली तेव्हाही मी बोलले नाही. काल माईकसमोर हे सगळं सांगितलं, तिच्याकडे बोट करून, नावासकट. कोणी हसलं नाही.

रिक्षात तिने आधी डबा मांडीवर नीट धरला. मग म्हणाली, "अक्का, बाटली निळी नव्हती. हिरवी हुती. मीच धुतली की ती."

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत राहते म्हणाली.