अर्थिंगचं पाणी

लातूर, सोमवार, संध्याकाळ

आज शांताचं तेरावं झालं. माझ्या सासुरवाडीचे लोक निलंग्याच्या गाडीनं परत गेले. खानावळ बंदच आहे.

मन फिरून फिरून त्या पाण्याच्या तांब्यापाशी जातंय. वाटणाचं मशीन चाकांवरचं. रोज इकडून तिकडं ओढून त्याची वायर सोलली, लोखंडात करंट उतरला आणि शांतानं त्याला हात लावला. पण तीन पिनांचा प्लग होता, अर्थिंग होतं. मग? वायरमननं आज अर्थिंगचा खड्डा उकरला. म्हणाला, "मालक, माती लई कोरडी हाय. करंट जमिनीत जावा कसा?"

उन्हाळ्यात खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओता, असं त्यानंच अर्थिंग बसवताना सांगितलं होतं. ते काम शांताचं. पण यंदा टँकरचाही भरवसा नाही. लातूरचा जिल्हा झाल्यापासून कचेऱ्यांतली माणसं उन्हातून जेवायला येतात. खड्ड्याचा तांब्या ती त्यांच्यापुढं ठेवू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "मातीला कशाला पाजू? माणसं तहानलीत की हितं." मला तिचं कौतुक वाटलं. कौतुक!

आत्ता तोच तांब्या भरून खड्ड्याशी गेलो. मशीनची वायर कधीच काढून टाकलीय, तरी गेलो. दारातून एक म्हातारा म्हणाला, "घोटभर पाणी देता का, दादा?"

मी सगळं पाणी मातीत ओतलं.

शांते, तू त्याला दिलं असतंस.