गुडघ्याच्या गोळीबद्दल व्याह्यांस

वडनेर भोलजी,
मंगळवार, सकाळचे सव्वासहा

सन्माननीय व्याही शंकरराव यांना उकंडरावचा हात जोडून रामराम. आपली, विहीणबाईंची, जावईबापू गजेंद्रची आणि आमच्या पूनमची तब्येत ठणठणीत असेल, असं धरून चालतो. धरून चालतो म्हणायचं कारण, फोनवर हे विचारायची सोय नाही. परवा मी फोन लावला, तर तुम्ही नव्या बोअरवेलपासून जी सुरुवात केली ती चाळीस मिनिटं थांबला नाहीत, आणि 'बरं झालं फोन केला' म्हणून ठेवूनही दिलात. मी त्यात दोनदा 'हाव' म्हटलं. म्हणून हे पत्र. (पत्राला मधे तोडता येत नाही.)

इकडची हकीकत बरी म्हणावी तर बरी, नाही म्हणावी तर नाही. मागच्या साली माझ्या हृदयात स्टेंट बसवला, ते आपल्याला ठाऊकच आहे. (आपण भेटायला आलात तेव्हा पेशंटच्या पलंगावर माझ्यापेक्षा जास्त आपणच लोळलात.) तेव्हापासून रोज सकाळी ॲस्पिरिनची एक गोळी, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. एक दिवस चुकली नाही. एकतीस वर्षं एसटी चालवली, राजूर घाटात ब्रेक विसरलो नाही, तो मी गोळी विसरीन का? तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी चहाची कपबशी हातातून सुटली. हात माझाच, पण माझं ऐकेना. बायकोला 'गोजर' अशी हाक मारायला गेलो तर तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. दहा मिनिटांत सगळं जाग्यावर आलं आणि मी म्हटलं, झालं, आता दुसरा चहा कर. गोजरबाईनं चहा केला नाही. मला बनियनवरच गाडीत कोंबलं आणि बुलढाण्याला नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं. म्हणाल्या, मेंदूकडं गुठळी गेली होती, आपसूक विरघळली, नशीब थोर. मग त्यांनी विचारलं, "काका, गोळी रोज घेता ना?" शंकरराव, या एका प्रश्नानं माझ्या संसाराचा सत्यानाश केला. दुसऱ्या दिवसापासून गोजर सकाळी माझ्यासमोर उभी. "आ करा. जीभ वर करा. आता गालात दाखवा." मी गोळ्या फेकतो म्हणून तिनं तुळशीची कुंडी उकरून पाहिली. (माझी एक जुनी बिडी सापडली. त्याचं महाभारत वेगळं.)

मग मॅडमनी मला संभाजीनगरला रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला की गोळी पोटात जाते, पण काम करत नाही! मॅडम एकेक कारण तपासायला लागल्या. साखर जास्त असली तर असं होतं. माझी बरोबर निघाली. बिडीनं होतं, बोटांचा वास घेऊन झाला, तोही आला नाही. काही गोळ्यांना वरून लेप असतो, तो पोटात नीट विरघळत नाही. बिनलेपाची गोळी दिली. तरी पुढचा रिपोर्ट तसाच. खरं सांगतो, मला एका जागी बसवेना. अंगणातून घरात, घरातून अंगणात. हाताला मुंगी चावली तरी पाचही बोटं हलवून बघायचो. उगाच 'गोजर, गोजर' अशी हाक मारायचो, शब्द नीट निघतो का पाहायला. आधी ती धावत यायची. नंतर आतूनच म्हणायची, "निघाला, निघाला."

मागच्या महिन्यात दवाखान्यात खुर्चीवरून उठताना माझा गुडघा कट्‌कन वाजला. मॅडमनी मान वर केली. "गुडघ्याला काय घेता?" मी मोठ्या अभिमानानं खिशातून डबी काढली. तीच, पूनमच्या बाळाच्या बारशाला आपण मला प्रेमानं दिलेली. म्हटलं, "आमच्या व्याह्यांची गोळी आहे ना! सकाळी उठल्याबरोबर एक. मंग चहा. मंग तुमची."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसरी काही गोळी घेता का, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं, काका."

"मॅडम, तुमी हृदयाच्या डॉक्टर. गुडघ्याचं तुमाले काऊन सांगू?"

त्यांनी मग मला समजेल असं सांगितलं. डबीतली गोळी आयबुप्रोफेनची. ती आधी पोटात गेली की रक्तात ॲस्पिरिनची जी जागा, तिथं आपला रुमाल टाकून बसते. ॲस्पिरिन मागून येते, सीट भरलेली पाहते, आणि थोड्या वेळात उतरून जाते. दुपारी रुमालवाली उठते तोवर ॲस्पिरिन गावात नसते. शंकरराव, रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलो, आणि इथं तो रुमाल मीच रोज पाण्याबरोबर गिळत होतो. डबी बंद केली, परत रक्त तपासलं, आणि ॲस्पिरिन कामाला लागली. गुडघे मात्र दुखून राह्यले. मॅडमनी दुसरी गोळी दिली आहे. ती तुमच्या गोळीच्या पासंगालाही पुरत नाही.

आपला राग मुळीच नाही. थोरांना नमस्कार, बाळाला पापा, आणि आमचं चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला,
उकंडराव

ता.क. खरं काम राहिलंच. आपल्याही हृदयात स्टेंट आहे, आपणही सकाळी ॲस्पिरिन घेता, आणि डबी मुळात आपली. पूनम सांगते, आपण तर दोन-दोन घेता. ती समजवायला गेली तर म्हणता, "तुह्या बापाचं इंजिनच वेगळं हाये." इंजिन एकच आहे हो. ॲस्पिरिन सोडू नका. डबी सोडा, आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

ता.क. दुसरा. (खामगाव स्टँड, साडेनऊ.) पत्र मेहकर गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. दिलंही. मग वाटलं, हा विसरला तर? परत घेतलं आणि तिकीट काढून मीच गाडीत बसलो. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी हिवरा आश्रमला, तुमच्याच ओसरीवर, तुमच्यासमोर बसलेलो असेन. विहीणबाईंचा चहा मी पिऊन घेतो. तुम्ही काही बोलू नका, शंकरराव. बोअरवेलचंही नाही. आधी उठा आणि डबी आणून माझ्या हातात द्या.