सगळं बसतंय!

३ फेब्रुवारी

हाकललं त्याला. आज दुपारी. पायात चप्पल होती की नव्हती तेही बघितलं नाही.

टिल्ली वरच्या काकूंकडे खेळायला गेली होती म्हणून बरं. जेवायला बसलो होतो. ताट तसंच पुढे, आणि म्हणतो, "तुला एक सांगायचंय, पण ओरडू नकोस." असं म्हणणाऱ्या माणसाने ओरडण्यासारखं काहीतरी नक्की करून ठेवलेलं असतं! मला वाटलं, कंपनीने काढलं. मग वाटलं, कुणी बाई आहे. बाई असती तर परवडली असती, खरंच.

म्हणतो, टिल्लीबद्दल मनात घाणेरडे विचार येतात. आपल्या टिल्लीबद्दल! तीन वर्षांच्या पोरीबद्दल, तिच्या बापाच्या मनात! सात-आठ महिने झाले म्हणे. "मी काही केलेलं नाही गं. पण येतात, थांबतच नाहीत. मला तिच्याजवळ एकट्याला ठेवू नकोस."

म्हणून तिला आंघोळ घालणं बंद केलं होतं. म्हणून ती मांडीवर चढली की हा उठून पाणी प्यायला जायचा. आणि मी वेडी! मला वाटायचं, दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत खड्ड्यात उभं राहून दमतो बिचारा.

पाण्याचा तांब्या फेकून मारला. लागला नाही. लागायला हवा होता.

४ फेब्रुवारी

"बाबा कुठे गेला?" — कामाला. "कधी येणार?" — येईल. असं दहा वेळा. मग मी तिच्यावरच ओरडले. शाबास!

६ फेब्रुवारी

तो ताईंकडे जाऊन पडला आहे, त्याच्या मोठ्या बहिणीकडे. त्यांनीच हॉस्पिटलात नंबर लावला. मी गेले, कारण मला ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

मोठे डॉक्टर. मोठी खुर्ची. बोलता बोलता दोनदा फोन घेतला. हा खाली फरशीकडे बघून सांगत होता. डॉक्टर बोटांवर मोजत गेले — वय सोळाच्या वर? आहे. मुलीपेक्षा निदान पाच वर्षांनी मोठे? अर्थात! विचार सहा महिन्यांहून जास्त? हो. "आणि याचा तुम्हाला त्रास होतो?"

"खूप होतो, डॉक्टर," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

"सगळं बसतंय," डॉक्टर म्हणाले. चपलेचं माप घेतल्यासारखं! मग नाव सांगितलं. लहान मुलांविषयी लैंगिक आकर्षणाचा विकार. मुलीपासून लांब राहा, गोळ्या घ्या, महिन्याने या. पुढचा पेशंट दारात उभाच होता.

बाहेर आल्यावर तो भिंतीला धरून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रागाला पत्ता मिळाला.

८ फेब्रुवारी

आई आली. "मला पहिल्यापासूनच तो माणूस पटला नव्हता." थापा! जावई असावा तर असा, असं सगळ्यांना सांगत फिरायची. लिफ्टचा ब्रेक तीन-तीनदा तपासतो, घराचं कुलूप दोनदा ओढून बघतो, किती काळजीवाहू म्हणे.

"पोलिसात दे."

"काय सांगू? त्याने काही केलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

हेच तर! मला काय माहीत! पाठ वळली की काय, मी पार्लरमध्ये असताना काय, सगळं सगळं मनात येऊन जातं. टिल्लीला आडून आडून विचारलं. बाबा काय खेळायचा तुझ्याशी? "बाबा खेळतच नाही," म्हणाली. हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं. कसले दिवस आले आहेत!

१३ फेब्रुवारी

आईने वरच्या काकूंना सांगितलं. विश्वासात घेऊन म्हणे. संध्याकाळी काकूंनी नातवाला जिन्यातच मागे ओढलं, टिल्लीला शिवू दिलं नाही. तिने काय केलं, गं बाई? तिला काय लागण झाली आहे? आईशी कडाडून भांडले. "मी तुझ्या भल्यासाठीच..." या वाक्याला कुणीतरी दंड ठेवायला हवा.

पार्लरमध्ये एकीचे केस दोन बोटं जास्त कापले गेले. निमूट पैसे देऊन गेली ती. माझा चेहराच तसा असणार.

टिल्लीचे केस डोळ्यांवर आले आहेत. दर दोन महिन्यांनी कापतो आम्ही — तेवढ्यापुरता तो तिला मांडीवर घट्ट धरतो, मी कापते. एकटीने तिला हात लावणं म्हणजे चिमणी पकडून नखं कापणं. आता कोण धरणार? आईला म्हटलं तर म्हणाली, मला नाही जमत, ती लाथा मारते.

२० फेब्रुवारी

ताई पार्लरच्या दारात येऊन उभ्या. गिऱ्हाईक खुर्चीत, मी हातात कात्री घेऊन, आणि त्या तिथेच सुरू. दुसरीकडे दाखवलंय. मानसशास्त्रज्ञ आहेत, बाई आहेत. तीनदा बसवून बोलल्या त्याच्याशी, दर वेळी तास-दीड तास. तुला बोलावलंय.

"ताई, भाऊ आहे म्हणून पांघरूण घालताय."

"भाऊ आहे म्हणून?" त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या पोरांना मी त्याच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तोच म्हणाला, ताई, बाहेरून कडी लाव. रोज लावते. माझ्या सख्ख्या भावाला कोंडते मी!"

खुर्चीतल्या बाई आरशातून आम्हा दोघींकडे बघत होत्या. उद्या गावभर!

२४ फेब्रुवारी

गेले. भांडायलाच गेले होते.

छोटी खोली, पंखा कुरकुरतो, त्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. मी बसायच्या आत म्हटलं, "गोड बोलून सुटतोय तो. डॉक्टरांनी नाव लिहिलंय त्याचं."

त्या म्हणाल्या, "तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी वेगळ्या करू. काही माणसांना लहान मुलांची ओढ असते. ही एक. त्या ओढीचा त्याला स्वतःला जाच होत असेल, किंवा तो त्या ओढीपायी काही करत असेल, तर आम्ही त्याला विकार म्हणतो. ही दुसरी. आणि मुलाला हात लावणं हा गुन्हा. ओढ असो, नसो, विकार असो, नसो. ही तिसरी. ओढ असून आयुष्यभर मुलांना धक्का न लावणारी माणसं आहेत. आणि ओढ नसताना, केवळ मूल हाताशी आहे म्हणून त्याची नासाडी करणारेही आहेत."

"आणि हा कुठल्यातला?"

"कुठल्याच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्याच नाही कसा? स्वतःच्या तोंडाने सांगितलंय त्याने!

"विचार येतो असं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "त्याला हवंसं वाटतं असं एकदा तरी म्हणाला का? विचार आला की त्याला ओकारी येते. मग तो दिवसभर स्वतःला तपासतो. आपण असे आहोत का? आत्ता काही वाटलं का? मुलांच्या जाहिराती मुद्दाम बघतो, काही वाटत नाही ना याची खात्री करायला. पाच मिनिटं सुटका, की परत शंका. मंत्रचळ ऐकलाय? दहादा हात धुणारी माणसं बघितली असतील. यालाही तेच झालंय. फक्त तो हातांऐवजी मन धुतोय. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याच्यावरच हा आजार धाड घालतो. डॉक्टरांनी विचारलं, त्रास होतो का. हा हो म्हणाला. कसला त्रास, ते विचारलंच नाही. तिथेच चुकलं."

लिफ्टचा ब्रेक. घराचं कुलूप. डोळ्यांपुढे तेच.

"असले विचार थोडेफार सगळ्यांनाच येतात," त्या म्हणाल्या. "गच्चीवर उभं राहिलं की उडी मारली तर? येतात आणि जातात. त्याचे जात नाहीत."

"मला नाही येत," मी म्हटलं. एकदम तोऱ्यात.

मग विचारलं, शंभर टक्के खात्री देता?

"शंभर टक्के खात्री मागणं हाच त्याचा आजार आहे," त्या म्हणाल्या. "मी जे ऐकलं, तपासलं, त्यावरून मला शंका नाही. याहून जास्त कुणी देणार नाही. त्यालाही नाही देत. आणि तुम्हीही द्यायची नाही. 'मी तसा नाही ना?' असं त्याने विचारलं तर 'नाहीस रे' म्हणायचं नाही. तो त्याचा साबण आहे."

म्हणजे बायकोने नवऱ्याला धीरसुद्धा द्यायचा नाही! चांगली आहे विद्या!

२५ फेब्रुवारी

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोर कुणी ओढला? मी!

की नाही? की त्या बाई चुकल्या? रात्रंदिवस डोकं पिसाटलंय.

५ मार्च

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. नंबर न लावता. शिपाई मागून ओरडत होता.

त्या बाईंचा अहवाल टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्या उभ्या चाळला. "असंही असू शकतं," म्हणाले. असू शकतं! माझ्या घराचं भुस्कट झालं आणि हे म्हणतात असू शकतं!

"तुम्ही त्याला विचारलं का नाही, हवंसं वाटतं की भीती वाटते?"

"बाई, मी सावधगिरी बाळगली. मुलीचा प्रश्न होता. उद्या काही झालं असतं तर तुम्हीच माझ्या नावाने ओरडला असता."

"आणि त्याने गळ्याला दोर लावला असता तर? ते तुमच्या कुठल्या बोटावर मोजलं असतं?"

फोन वाजला, पण या वेळी त्यांनी तो उचलला नाही. मग म्हणाले, नोंद बदलतो. माफ करा नाही म्हणाले. नोंद बदलतो. वरच्या काकूंच्या डोक्यातली पण बदलणार का?

बाहेर येऊन रडले. रागाने. एवढ्या रागाचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

११ मार्च

आज तो आला. बाईंनी अभ्यास दिला होता — टिल्लीच्या पायात मोजे घालायचे, मनात काय येतं ते तपासायचं नाही, पळायचं नाही. एवढंच. मी दारात उभी होते, पोलिसासारखी.

वाळला आहे. दाढी वाढली आहे. टिल्लीने पाय पुढे केला. त्याने मोजा घातला, तो उलटा. "बाबा, वेडा आहेस का?" म्हणाली ती आणि खिदळली. त्याच्या कपाळावर घाम. पण उठला नाही. दुसरा मोजा घातला. तोही उलटाच.

जाताना माझ्याकडे बघितलं. ओठावर आलेला प्रश्न दिसत होता मला. विचारला नाही त्याने. "राहा" असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. डोक्याला पटलंय, पोटाला पटत नाही. मोजे घालताना माझी नजर त्याच्या हातांवर होती, सारखी. अजून संशय घेते आणि अजून त्याच्यावरच चिडते. आलास कशाला मला सांगायला? हात दाखवून अवलक्षण! गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? मग वाटतं, ज्याला खरंच काही करायचंय तो कशाला येईल सांगायला.

१३ मार्च

आई म्हणते, वकील बघ. मी म्हटलं, तू तुझं सामान बघ. गेली रागावून. जाऊ दे!

१६ मार्च

टिल्लीला केसांमुळे समोरचं दिसेना, दाराला आपटली. म्हटलं, बास, आज कापायचेच. स्टुलावर बसवली, हातात खेळणं दिलं. शहाण्यासारखी बसली. मानेवरचे केस वर धरले, कात्री टेकवली. आणि मनात आलं — खुपसली तर?

असंच. कुठून आलं देव जाणे. इवलीशी मान, निळी शीर, आणि माझी कात्री! कात्री कपाटात टाकली, कुलूप लावलं, चावी खिडकीतून खाली फेकली. पोरीपासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मन चिंती ते वैरी न चिंती.

त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. "मी तसं करणार नाही ना रे? सांग ना, मी तशी नाही ना?"

"ते मी सांगायचं नाही," म्हणाला. "मॅडम ओरडतील." मग म्हणाला, "चावी शोधून ठेव. मी येतो. मी धरतो तिला, तू काप."