पाळतखोर

प्रिय पोरी,

हे पत्र तुझ्या वकीलबाईंच्या हाती देते आहे. तुझ्यापर्यंत पोचवते म्हणाल्या. कसं, ते मी विचारलं नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. उजवा हात आता जास्तच थरथरतो, आणि तू कॉम्प्युटर शिकवल्यापासून पेनाची सवयही सुटली.

माझ्या खोलीत खिडकीपाशी तो जुना कॉम्प्युटर लावून तू ब्राउझर बसवून दिलास, तो दिवस हल्ली सारखा डोळ्यांपुढे येतो. मी म्हटलं होतं, इंटरनेट ते इंटरनेट, त्यात आणखी आवडनिवड कसली? तू म्हणालीस, ‘आई, हा कुठल्या एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं आपापली कामं सांभाळून फुकट बनवतात. याच्या आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं, पण वापरणाऱ्याचं मात्र कोणी बघू नये.’ मग तू अक्षरं मोठी केलीस. पांढऱ्या पडद्याने माझे डोळे दुखतात म्हणून तो गर्द हिरवा केलास, आणि सगळी बटणं डाव्या हाताशी आणून ठेवलीस. त्या उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीशा झाल्या तेव्हा शेजाऱ्यांचा रेडिओ एकदाचा बंद झाल्यासारखं वाटलं मला.

पुढे तर तू मला कामालाच लावलंस. त्या ब्राउझरमधले शब्द तू मराठीत करत होतीस, तेही फुकट, आणि अडलीस की माझ्याकडे यायचीस. आपण काय काय बघतो ते टिपत मागे फिरणारे जे असतात, त्यांना तू ‘मागोवा घेणारे’ लिहिलं होतंस. मी म्हटलं, अगं, हे काय एखाद्या सज्जन माणसाचं वर्णन आहे? सरळ ‘पाळतखोर’ लिही. तू इतकी हसलीस की कपातला चहा कीबोर्डवर सांडला. आणि मग एकदम गप्प झालीस, कारण बाहेर तुझ्या नवऱ्याची गाडी थांबली होती.

ते गप्प होणं मी पाहिलं होतं. जेवताना तुझा फोन त्याच्या ताटाशेजारी पडलेला असायचा, तेही पाहिलं होतं. तुझं मनगट सुजलं तेव्हा ‘दाराला लागलं असेल’ हे वाक्य तुझ्याआधी मीच बोलले होते. सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. परक्यांची भांडणं, रडणी, प्रेमं कानावर पडायची, पण घरी येऊन एक अक्षर कधी काढलं नाही. गप्प बसणं म्हणजे शहाणपण, अशीच माझी समजूत होती.

एकदा चहा घेऊन आत आले तर तुझ्यासमोर पडद्यावर भाड्याच्या खोल्या दिसल्या. मी तशीच मागे फिरले. काही दिवसांनी तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, ‘आई, ती इथे बसून काय बघत असते, दाखव.’ दाखवलं मी. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पण त्यात काहीच नव्हतं. तू खिडकी बंद केलीस की ब्राउझर सगळं पुसून टाकायचा. त्याने चिडून कीबोर्ड आपटला. खरं सांगते, त्या क्षणी मला मनातून बरं वाटलं, आणि पोटच्या पोराची फजिती बघून बरं वाटल्याची लाजही वाटली.

तू घर सोडून गेलीस. घर सुनं झालं. ब्राउझरचे शब्द सगळे मिळून मराठीत करतात, इंटरनेटवरच्या त्या पानावर मी रोज जाऊन बसायचे. ‘टाचणी’ नावाची कुणी नवी बाई आली आणि तिने जागोजागी ‘पाळतखोर’ शब्द बसवला, तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. तिथेच तुला पहिला निरोप मीच धाडला. तू कळवलंस, बरी आहे, बेकरीच्या वर खोली मिळाली, खालच्या भट्टीमुळे भिंत छान उबदार असते. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण गावाचं नाव सांग, जिवाला घोर लागलाय, असा मी धोशा लावला. शेवटी तू सांगितलंस. तुझा माझ्यावर विश्वास होता.

मग एका रविवारी दुपारी तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. लहानपणी ताप आला की असाच चिकटायचा. म्हणाला, ‘मला फक्त तिची माफी मागायचीय गं.’ आणि मी विरघळले. गाव सांगितलं, बेकरीही सांगितली. तो उठून बसला. डोळे पुसले आणि विचारलं, ‘त्या बेकरीला मागच्या बाजूनेही दार आहे का?’

माफी मागायला जाणारा माणूस मागचं दार कशाला विचारेल? तो गाडीची किल्ली घेऊन निघाल्यावर मी तुला लिहिलं, ‘आत्ताच्या आत्ता निघ. मी सांगून बसले.’ तुझा एकच शब्द आला, ‘निघाले’. त्यानंतर टाचणी तिथून नाहीशी झाली.

तू वाचलीस. बेकरीवाल्या बाई जिन्यात आडव्या आल्या, त्यांना त्याने ढकललं. त्यांचा हात मोडला आहे. मी भेटायला गेले होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसणं फार जड गेलं. तिथूनच मी वकीलबाईंकडे गेले. मनगटाचं, फोनचं, मागच्या दाराचं, सगळं त्यांना सांगितलं आणि खाली सही केली. कोर्टातही सांगेन.

पण हे पत्र माफीसाठी नाही. तू ती देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. सध्या तो जामिनावर घरी आहे. काल संध्याकाळी पुन्हा माझ्यापाशी येऊन बसला, पुन्हा डोळे भरून आले त्याचे, आणि सगळं माहीत असूनही माझा हात आपसूक त्याच्या केसांत गेला. म्हणून सांगते, आता कुठे आहेस ते मला कधीच कळवू नकोस. मी आजारी पडले तरी नाही, मी विनवण्या केल्या तरी नाही. मला माहीत असलं तर एक दिवस मी त्याला सांगेन.

तुझीच,
आणि त्याचीही,
आई