वर्तुळ, आणि मध्ये एक दगड

न्यांगा, ११ जानेवारी

माय रुम्बी यांस, सप्रेम नमस्कार.

पत्रारंभी क्षेमकुशल विचारण्याचा शिष्टाचार आहे. पण तुम्ही कशा आहात ते मला ठाऊक आहे, म्हणून तो मोडतो. इकडे मका कमरेला लागला. शाळा उघडायच्या आतच मी सगळ्या वह्या तपासून टाकल्या. एखादं काम टाळायचं असलं की माणूस किती उद्योगी होतो!

शिबिराची हकीकत तुम्ही विचारली होती. अठ्ठेचाळीस स्काउट, पिंपं बांधून केलेले सहा तराफे, त्यांतले चार तरंगले. आमचे पाकशाळेचे कुलगुरू अर्थातच तुमचे यजमान, आपला चेन्जेराय. पहिल्या दिवशी मक्याच्या पिठाचा साद्झा इतका घट्ट झाला की मुलं म्हणाली, "सर, ह्यानेच तंबूचे खुंटे ठोकू या!"

चेन्जेराय म्हणाला, "ठोका की. मग जेवायला खुंटे उपटा."

सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

मंगळवारी माग काढायचा खेळ झाला. पुढची तुकडी वाटेवर दगडांच्या खुणा मांडते. बाण म्हणजे इकडे या. फुली म्हणजे इकडे नको. वर्तुळ आणि मध्ये एक दगड म्हणजे 'मी घरी गेलो'. खेळ संपला की खुणा मोडायच्या, हा माझा कडक नियम. मी आणि चेन्जेराय तर शाळेपासून चिठ्ठीऐवजी ह्याच खुणा ठेवत आलो. "कागद भिजतो रे गारिकाय," तो म्हणायचा, "दगड भिजला तरी वाचता येतो."

बुधवारी तराफ्यांची शर्यत होती. सकाळी तो म्हणाला, "छातीत जरा जड वाटतंय."

मी म्हणालो, "स्वतःच्या हातचं खाल्लंस, दुसरं काय होणार?"

तो हसला. मीही हसलो. मग आम्ही सगळे नदीवर गेलो, तो एकटा चुलीपाशी राहिला.

इथवरचं तुम्हाला मी सांगितलं होतं. पुढचं नाही.

दुपारी परत आलो तर चूल विझवलेली, भांडी घासून पालथी घातलेली. वाटलं, सरपणाला गेला असेल. माझ्या तंबूच्या दारात दगडांचं वर्तुळ होतं. मध्ये एक दगड. माय रुम्बी, ते मी पाहिलं.

आणि मुलांवर ओरडलो, "कालचा पसारा आज माझ्या दारात?"

"सर, हे आमचं नाही," एक जण म्हणाला.

"उलट बोलू नकोस," म्हणालो, आणि पायानेच सगळे दगड गवतात उडवले. मग दोन तास चहा झाकून त्याची वाट पाहिली. त्या दोन तासांत तो बसथांब्यावर एकटा बसून होता. लोकांना दिसला तेव्हा श्वास नव्हता. डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वी कुणी पोचलं असतं तर... ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं होतं. माझ्याने होत नाही.

चौकशीत मला विचारलं, "जाताना काही निरोप ठेवला होता?" मी "नाही" म्हणालो.

त्या थांब्यावर तुमच्या घरची, रुसापेला जाणारी बस येते तशी मुतारेचीही येते. तेवढ्यावर त्याच्या थोरल्या भावाने भर दफनाच्या दिवशी म्हटलं, "न सांगता निघाला ना? मुतारेत कोण आहे ते शोधा आता." तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "गारिकाय, खरं सांग, कुठे चालला होता तो?" मी खाली पाहिलं. त्याचा तुम्ही काय अर्थ लावलात ते मला कळलं, आणि मी तो लावू दिला. माझा प्रमाद झाकायला मी माझ्या मित्राला व्यभिचारी ठरवलं.

तो घरी येत होता. तुमच्याकडे. सांगून येत होता.

शनिवारी सांत्वनाला सगळे जमतील, तेव्हा हे पत्र मोठ्याने वाचायला लावा. थोरल्या भावाला पुढे बसवून. मी अजून तुमचा हात हातात घेऊन दुःख व्यक्त करायला आलो नाही, ह्याबद्दल लोक बोलतात. त्यांना आता कारण कळेल. शनिवारी मी फाटकाबाहेर उभा असेन. बोलावलंत तर आत येईन. नाही बोलावलंत, तर तेही बरोबरच असेल.

ज्याच्या दारात निरोप ठेवला होता तो,
गारिकाय